हौसेचं तळं

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात टोकोआ नावाचं गाव आहे. तिथला धबधबा १८६ फुटांचा, म्हणजे नायगऱ्याहून थोडा उंचच. पाणी मात्र एका ओढ्याचं. धबधब्याच्या खाली ख्रिस्ती धर्मशिक्षण देणारं एक कॉलेज आणि धबधब्याच्या वर, डोंगरात, त्या कॉलेजचं तळं. पोरं तिथे मासे धरायची, पोहायची. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास ते तळं अडवणारं मातीचं धरण फुटलं. खाली विद्यार्थ्यांची वसतिगृहं होती, विवाहित विद्यार्थ्यांची फिरत्या घरांची वस्ती होती. ३९ माणसं गेली. त्यात लहान मुलंही होती.

धरणाचं नाव केली बार्न्स. खालच्या खडकापासून उंची ३८ फूट, लांबी ४०० फूट. धरणफुटी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे १२ जुलै १९६१ चं पानशेत येतं आणि धोका हा प्रचंड जलाशयांचाच असतो असं मनात बसून जातं. केली बार्न्सच्या तळ्यात फुटताना साठलेलं पाणी सात लाख ऐंशी हजार घनमीटरांच्या आसपास, म्हणजे ०.०२७ टीएमसी होतं. खडकवासल्याचा साठा सुद्धा याच्या सत्तरपट भरेल. कोयनेचं नाव काढायलाच नको. पण ते पाणी बाहेर पडलं तेव्हा ओढ्यातला प्रवाह चोवीस हजार क्युसेकवर गेला. खडकवासल्यातून एवढं पाणी सोडलं तर पुण्यात भिडे पुलावर पाणी येतं आणि नदीकाठी भोंगे वाजतात. टोकोआत ते एका अरुंद घळीतून, अंधारात, कुणालाही न सांगता आलं.

म्हणून धरणाचा धोका मोजताना आकडा एकटा पुरत नाही. धरणाच्या खाली कोण राहतं आणि किती जवळ राहतं, हे आधी विचारावं लागतं. धरण सुरक्षेच्या शास्त्रात ‘मोठा धोका’ हा शेरा धरणाच्या प्रकृतीवर नसतोच. धरण ठणठणीत असलं, पण फुटल्यावर माणसं मरणार असतील, तर ते ‘मोठ्या धोक्याचं’ धरण. प्रकृतीचा शेरा वेगळा. या दोन गोष्टींची गल्लत वर्तमानपत्रांत रोज होते, आणि मालकांच्या मनात तर कायमची होऊन बसलेली असते.

केली बार्न्सचा इतिहास मात्र प्रकृतीचाच आहे. १८९९ मध्ये तिथे आधी एक वेगळाच बांध होता. लाकडी ओंडक्यांचे पेटारे करायचे, ते दगडांनी भरायचे आणि ओढ्यात आडवे टाकायचे, अशी ती त्या काळची स्वस्त पद्धत. छोट्याशा वीजघरासाठी तो घातला होता. पुढे १९३७ च्या सुमारास कॉलेजला स्वतःची वीज हवी झाली, तेव्हा जुना बांध न काढता त्याच्यावरच माती चढवली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी माती चढली, उंची वाढली. म्हणजे धरणाच्या पोटात कुजणारं लाकूड आणि दगड, वर निरनिराळ्या वर्षांत निरनिराळ्या माणसांनी टाकलेली माती. १९५७ मध्ये वीजनिर्मिती बंद झाली आणि तळं उरलं ते करमणुकीला.

माझ्या मते त्या धरणाला खरा धक्का बसला तो १९५७ सालीच. फुटणं वीस वर्षांनी झालं एवढंच. वीजघर चालू असतं तेव्हा तिथे रोज एक माणूस जातो. पाण्याची पातळी बघतो, जाळीत अडकलेला पालापाचोळा काढतो, झडप उघडतो-मिटतो. गळती झाली तर वीज कमी होते, आणि वीज कमी झाली की कुणीतरी ओरडतं. कामाच्या धरणावर नजर ठेवायला वेगळी शिस्त लागत नाही. नुकसान हेच राखण करतं. करमणुकीच्या तळ्याचं तसं नाही. भिंतीतून चार लिटर जास्त पाणी पाझरलं तर माशांना फरक पडत नाही, होडीला पडत नाही, काठावर डबा खाणाऱ्यालाही पडत नाही. वर झाडं वाढली तर उलट सगळ्यांना बरं वाटतं, सावली झाली म्हणून.

आता मातीचं धरण पाणी कसं अडवतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

मातीचं धरण पाण्याला पूर्णपणे अडवत नाही. ते माठासारखं पाझरतं आणि त्याने पाझरावं अशीच रचना असते. प्रश्न फक्त पाझर कुठून, किती आणि कसा बाहेर येतो याचा. आपल्याकडच्या धरणांत मधोमध चिकण काळ्या मातीचं हार्टिंग असतं, दोन्ही अंगांना मुरमाचं केसिंग. हार्टिंग पाण्याचा जोर मोडतं, केसिंग वजन देतं. पाण्याकडच्या बाजूला लाटांसाठी दगडी पिचिंग. खालच्या बाजूला, तळाशी, वाळू-खडीचे गाळण थर आणि दगडांचा टो, म्हणजे धरणाचा पायथा. आलेला पाझर या गाळणीतून निथळून बाहेर पडतो, पण मातीचा कण मागेच राहतो. शिवाय पायाखाली खंदक खणून तोही चिकण मातीने भरतात, म्हणजे पाणी पोटाखालून वाट काढणार नाही.

या रचनेत पाण्याची एक अदृश्य रेषा असते. तिच्याखालची माती भिजलेली, वरची कोरडी. पाण्याकडच्या बाजूला ती जलाशयाच्या पातळीइतकी उंच असते आणि धरणातून जाताना उतरत उतरत टोपर्यंत येते. ती टोच्या आत उतरली तर धरण सुखात. ती वर सरकून खालच्या उताराच्या अंगावरच बाहेर पडली, तर तिथे ओल दिसते, लव्हाळं उगवतं, पाय रुततो. भिजलेल्या मातीत कणांमधल्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून ढकलतो, त्यांची पकड सुटते, आणि उतार घसरायला लागतो. म्हणून उतार पसरट ठेवतात. एक फूट उंचीला दोन-अडीच फूट आडवा पसारा हे मातीच्या धरणाचं नेहमीचं प्रमाण. केली बार्न्सच्या खालच्या अंगाचा उतार काही ठिकाणी एकास एक होता. कोरड्या दिवसांत असा उतार उभा राहतोही, आणि तो उभा आहे हेच लोकांना त्याच्या मजबुतीचं प्रमाणपत्र वाटतं.

दुसरा रोग याहून लबाड. पाझराच्या तोंडाशी गाळणी नसेल तर पाणी बाहेर पडताना एक एक कण घेऊन जातं. तोंडाशी छोटं भोक पडतं. भोकात पाण्याचा जोर वाढतो, ते आणखी कण ओढतं, आणि भोक मागे मागे, जलाशयाच्या दिशेने, कोरलं जातं. इंजिनियर याला पायपिंग म्हणतात. वर्षानुवर्षं ते बोटभर असतं. ज्या दिवशी ते पलीकडे जलाशयाला जाऊन मिळतं, त्या दिवसानंतर हिशेब तासांचा असतो. धरणाच्या आतून गेलेला लोखंडी किंवा दगडी पाइप, त्याच्या कडेने नीट न ठासलेली माती, मेलेल्या झाडाचं कुजलेलं मूळ, जनावराचं बीळ, जुनं लाकूड, यांतलं काहीही पायपिंगला तयार रस्ता देतं. केली बार्न्समध्ये यांतल्या बऱ्याच गोष्टी एकत्र नांदत होत्या. धरणावर मोठी झाडं होती, पोटात लाकडी पेटारे होते, जुना पाइप होता.

शिवाय धरणाने इशाराही दिला होता. १९७३ मध्ये त्याच्या खालच्या उताराचा एक तुकडा घसरला. उताराच्या अंगावरून मातीचा असा लचका निघाला, की त्याचा अर्थ त्या जागी धरणाची जाडी कमी झाली आणि ओल वर चढली आहे. जे धरण रोज वीज देत असतं, त्याचा असा लचका निघाल्यावर काम थांबवून तपासणी झाली असती, असं मला वाटतं. तळ्याचं काय थांबवणार?

नोव्हेंबर १९७७ च्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला. चार दिवसांत सुमारे सात इंच, त्यातला निम्मा ५ तारखेच्या संध्याकाळी सहा ते मध्यरात्र एवढ्या वेळात. कोकणातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण भिजून बसलेल्या धरणाला तो पुरला. पाणी धरणाच्या माथ्यावरून गेलं नव्हतं. फुटलं ते अंगातून. फुटीनंतर केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांना एकच एक कारण ठामपणे सांगता आलं नाही. उभा उतार, त्यातली ओल, त्याची घसरण, आतून झालेली धूप, अशी कारणांची जुडी त्यांनी पुढे ठेवली. मला हा निष्कर्ष प्रामाणिक वाटतो. फुटलेलं धरण आपला पुरावा स्वतःच वाहून नेतं.

या छोट्या तळ्याचे पडसाद मात्र वॉशिंग्टनपर्यंत गेले. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर मूळचे जॉर्जियाचेच. धरणांची तपासणी करण्याचा कायदा तर १९७२ मध्येच झाला होता, पण त्याच्यासाठी पैसे कुणी दिले नव्हते. यादी करण्यापलीकडे काम गेलं नव्हतं. टोकोआनंतर कार्टर यांनी लष्कराच्या इंजिनियर दलाला खाजगी आणि स्थानिक मालकीची, खाली वस्ती असलेली धरणं तपासायला लावली. १९८१ पर्यंत सुमारे ८,८०० धरणं पाहून झाली. त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित निघाली. जॉर्जिया राज्याने १९७८ मध्ये आपला स्वतंत्र धरण सुरक्षा कायदा केला.

त्या देशाच्या यादीत आज नव्वद हजारांवर धरणं आहेत. त्यांत ‘मुख्य उपयोग’ या रकान्यात सर्वांत जास्त वेळा काय लिहिलंय, तर करमणूक. सिंचन नाही, वीज नाही, पिण्याचं पाणी नाही. आणि निम्म्याहून जास्त धरणं खाजगी मालकीची. त्यांतली कितीतरी आधी गिरणीसाठी, कालव्यासाठी, वीजघरासाठी, उसासाठी बांधलेली होती. काम गेलं, पाणी राहिलं, काठावर बंगले आले.

या गोष्टीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कडू नमुना १८८९ चा आहे. पेन्सिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण ७२ फूट उंच आणि ९३१ फूट लांब होतं, तेव्हा त्याला छोटं म्हणता येणार नाही, पण होतं ते एका क्लबाच्या हौसेचंच. मुळात ते राज्य सरकारने कालव्याला उन्हाळ्यात पाणी मिळावं म्हणून बांधलं. १८३८ मध्ये काम सुरू झालं आणि अडखळत १८५३ मध्ये संपलं. तोवर रेल्वे येऊन कालव्याची गरजच सरली. रेल्वे कंपनीने १८५७ मध्ये कालव्याबरोबर धरणही विकत घेतलं, पण रेल्वेला तळं कशाला हवं? १८६२ मध्ये ते एकदा खचून फुटलं. साठा कमी असल्याने निभावलं. मग ते तसंच पडून राहिलं. मधल्या एका मालकाने धरणाच्या पोटातले पाच ओतीव लोखंडी पाइप उपसून भंगारात विकले.

हा छोटा व्यवहार या सगळ्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा आहे. ते पाइप म्हणजे तळ्याचा तळाचा विमोचक. पातळी खाली आणायची असेल, दुरुस्तीसाठी तळं रिकामं करायचं असेल, मोठा पाऊस येण्याआधी जागा करून ठेवायची असेल, तर तेवढा एकच मार्ग. तो गेला की धरणात पाणी किती राहणार हे पुढे फक्त पाऊस ठरवतो.

१८७९ मध्ये बेंजामिन रफ नावाच्या उद्योजकाने ही जागा घेतली आणि पिट्सबर्गच्या धनिकांसाठी मासेमारी-शिकारीचा क्लब काढला. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन ही मंडळी पुढे त्याचे सदस्य होती. पैशाची ददात नव्हती. तरी फुटलेला भाग भरताना माती-दगडांबरोबर झाडांच्या फांद्या, गवत, घोड्यांची लीद असं मिळेल ते घातलं गेलं. पाइप परत बसवले नाहीत. माथ्यावरून दोन बग्ग्या शेजारून जाव्यात म्हणून माथा दोन-तीन फूट उतरवून रुंद केला. तळ्यात सोडलेले महागडे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या लावल्या. यातला प्रत्येक बदल सुखसोयीचा होता, वाईट हेतूचा एकही नाही. आणि प्रत्येकाने सांडव्याची क्षमता तरी कमी केली, किंवा सांडवा अपुरा पडल्यावर हाताशी राहणारं अंतर तरी.

खाली चौदा मैलांवर जॉन्सटाउन हे पोलादाचं शहर होतं. तिथल्या केंब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांना हे धरण खुपत होतं. त्यांनी १८८० मध्ये आपला इंजिनियर जॉन फुल्टन याला पाहणीला पाठवलं. फुल्टनने दोन दोष नेमके दाखवले: पाणी सोडायला पाइप नाही आणि जुनी फूट नीट बुजवलेली नाही. रफने उलट फुल्टनच्याच अहवालात चुका काढल्या आणि तुम्हाला आमच्यापासून काही धोका नाही असं कळवलं. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलायची तयारी दाखवली, तीही नाकारली गेली. मग ते स्वतः क्लबाचे सदस्य झाले. निदान आत राहून लक्ष तरी ठेवता येईल. १८८५ मध्ये मॉरेल वारले, १८८७ मध्ये रफ. म्हणजे ज्याला धोका कळत होता तोही गेला आणि ज्याने धरण डागडुजी करून उभं केलं तोही. उरली ती सदस्यांची वर्गणी आणि काठावरचे उन्हाळी बंगले.

३१ मे १८८९ ला सकाळी क्लबाचे अध्यक्ष उठले तेव्हा रात्रभराच्या पावसाने तळं वर चढत होतं. मग जे झालं ते प्रत्येक जलसंपदा अधिकाऱ्याने एकदा वाचावं असं आहे. मजूर लावून माथ्यावर नांगर चालवला, माती ओढून माथा थोडा वर करावा म्हणून. दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खणायला घेतला, तर खाली खडक लागला. सांडव्याच्या जाळ्यांत काटक्या-कुटक्या, पाला अडकून गच्च झालं होतं. त्या काढायला गेले तेव्हा हलेनात. एक तरुण इंजिनियर घोड्यावरून खालच्या गावात धावला, तारा गेल्या, पण जॉन्सटाउनने दर मोठ्या पावसात धरण फुटण्याची आवई ऐकलेली होती. सर्वांत वाईट म्हणजे वर्षानुवर्षं दबून माथा मधोमध खाली बसला होता. मातीच्या धरणाचा माथा मध्ये थोडा उंच ठेवतात, म्हणजे दबल्यावरही तो काठापेक्षा खाली येत नाही. इथे उलटं झालं. पाणी ओसंडलं ते नेमकं मधोमध, जिथे जुनी फूट लिदीने आणि गवताने भरलेली होती. दुपारी तीनच्या थोडं नंतर धरण गेलं. जॉन्सटाउनमध्ये २,२०० च्या वर माणसं मेली.

क्लबाला कोर्टाने कधीही भरपाई द्यायला लावली नाही. देवाची करणी, असं ठरलं. स्थापत्य अभियंत्यांच्या संघटनेने चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल १८९१ मध्ये छापून आला आणि त्यात म्हटलं, की धरण मूळ आराखड्याप्रमाणे राहिलं असतं तरी ते ओसंडलंच असतं. शंभराहून अधिक वर्षं हे वाक्य क्लबाच्या बाजूने उभं होतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने जागेची नव्याने मोजणी केली, मूळचा माथा, मूळचे पाच पाइप आणि दुसऱ्या टोकाचा मूळचा सहायक सांडवा धरून हिशेब मांडला, आणि तो निष्कर्ष टिकत नाही असं दाखवलं. माथा उतरवल्याने सांडव्याची क्षमता जवळजवळ निम्मी झाली होती. बग्गीच्या रस्त्यासाठी.

मातीच्या धरणावरून पाणी जाऊ देणं म्हणजे ते हातानेच फोडणं. काँक्रीटचं धरण ओसंडलं तरी काही वेळ उभं राहतं. मातीचा उतार वरून येणाऱ्या पाण्याने धुऊन निघतो. म्हणून सांडवा आणि त्याच्या वर राखलेलं मोकळं अंतर हे मातीच्या धरणाचे प्राण. आणि हौसेचं तळं आधी नेमकं तिथेच हात घालतं. पाणी जरा जास्त राहावं, होडी काठाला लागावी, बंगल्यासमोर चिखल दिसू नये म्हणून सांडव्यात फळ्या बसवतात, मासे जाऊ नयेत म्हणून जाळी, पलीकडे जायला पूल. साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीचं कॅन्यन लेक तर मुळातच करमणुकीसाठी, १९३० च्या दशकात बांधलेलं. ९ जून १९७२ च्या रात्रीच्या पुरात वाहून आलेल्या मोटारी आणि मोडतोड त्याच्या सांडव्यात अडकली, पाणी माथ्यावरून गेलं आणि धरण फुटलं. त्या पुरात एकूण २३८ माणसं मेली; सगळी काही धरणामुळे नाही, पूर त्याच्याशिवायही भयंकरच होता. हवाईतल्या कवाई बेटावर का लोको नावाचा साठा उसाच्या मळ्यासाठी १८९० च्या सुमारास बांधला होता. मळे गेले, जमीन खाजगी हातात आली. १४ मार्च २००६ रोजी तो फुटला, ७ माणसं मेली, आणि चौकशीत प्रश्न निघाला तो हाच: याचा सांडवा कुठे आहे? सांडवा मातीने बुजवल्याचा आरोप मालकावर झाला आणि पुढे त्यांना सात महिन्यांची शिक्षा झाली. मालकाला तुरुंग दाखवणारी अशी उदाहरणं फार नाहीत.

मग लहान मातीच्या धरणावर गेलं तर बघायचं काय? उपकरणं फार लागत नाहीत. पहिली फेरी माथ्यावरून. माथा सरळ आहे का, कुठे दबलाय का, लांबीच्या दिशेने भेग आहे का? धरणाच्या लांबीला समांतर जाणारी भेग म्हणजे उतार घसरायच्या तयारीत असल्याची खूण असते. आडवी भेग पाण्याला पलीकडे जायला वाट करून देते. मग पाण्याकडची बाजू, पिचिंगचे दगड निसटलेत का, पाण्यात कुठे भोवरा फिरतोय का. सर्वांत जास्त वेळ मात्र खालच्या अंगाला द्यायचा. ओल कुठवर चढलीय, गवत एकाच पट्ट्यात जास्त हिरवं का आहे, टोशी पाणी येतंय ते कसं येतंय. निवळशंख पाझर बरीच वर्षं चालू असला तर तो मोजत राहायचा. खूप खर्च नको, व्ही आकाराची खाच असलेला पत्रा लावून त्यावरची पाण्याची उंची वहीत लिहिली तरी पुरते. जलाशयाची पातळी तीच असताना पाझर वाढला, तर काहीतरी बदललंय. पाझर गढूळ झाला, तर माती बाहेर येतेय, आणि मग वही बंद करून फोन उचलायचा.

झाडांच्या बाबतीत लोकांशी भांडण ठरलेलं. मूळ माती धरून ठेवतं, हे डोंगरउतारावर खरं. धरणाच्या अंगावर मूळ जिवंत असेपर्यंत ओल शोधत आत घुसतं, आणि मेल्यावर कुजून पोकळ नळी सोडून जातं. वादळात झाड उन्मळलं तर मुळांबरोबर धरणाचा मोठा लचका घेऊन जातं. पण म्हणून मोठं झाड नुसतं कापून बुंधा तसाच ठेवला तर तीच कुजणारी मुळं आत राहतात. ती खणून काढून, भोक थराथराने ठासून भरावं लागतं. म्हणूनच रोपटं असतानाच काढणं सर्वांत स्वस्त. बिळांचंही तसंच. अमेरिकेत घुशीसारखे मोठे कुरतडणारे प्राणी भराव पोखरतात. आपल्याकडे चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, तेव्हा तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना जबाबदार धरलं आणि महाराष्ट्रभर टिंगल झाली. टिंगल रास्तच होती, पण ती थोडी चुकीच्या जागी लागली. खेकडे भराव पोखरतात यात खोटं काही नाही. बीळ एका रात्रीत धरण फोडण्याइतकं मोठं होत नाही, आणि गावकरी गळतीची तक्रार आधीपासून करत होते, हा खरा मुद्दा होता.

नजर गेल्यावर काय होतं याचं उदाहरण आपल्याकडे करमणुकीच्या बाहेरही सापडतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातले मालगुजारी तलाव कोहळी समाजाने शतकानुशतकं बांधले आणि राखले. पाळ, सलंग म्हणजे सांडवा, पाट, सगळ्यांची डागडुजी गाव आपल्या धानासाठी करत असे. १९५० च्या दशकात मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले. हक्काचा प्रश्न सुटला हे चांगलंच झालं. पाळीवर रोज फिरणारा माणूस मात्र त्या कागदात कुठे बसला नाही, आणि पुढची कित्येक वर्षं गाळ साचत गेला, पाळीवर झाडोरा माजला.

आता कायदा. भारताचा धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला. पंधरा मीटरपेक्षा उंच धरणं त्यात सरसकट येतात. दहा ते पंधरा मीटरची येतात ती एखादी अट पुरी झाली तर: माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान दहा लाख घनमीटर, किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर. दहा मीटरखालची बाहेर. सहज म्हणून केली बार्न्सला या फुटपट्टीने मोजून पाहिलं. उंची ३८ फूट म्हणजे साडेअकरा मीटरच्या थोडी वर. लांबी १२२ मीटर. साठा सात लाख ऐंशी हजार घनमीटर. विसर्ग, अगदी फुटल्यावरचा धरला तरी, सेकंदाला ६८० घनमीटरांच्या आसपास. चारही आकड्यांत ते बसत नाही. ३९ माणसं मारणारं धरण आपल्याकडे असतं, तर या आकड्यांच्या जोरावर त्याची तपासणी करायला कायद्याने कुणी बांधील नसतं.

कायद्यात आणखी दोन अटी आहेत. पायाची विशेष अडचण असेल किंवा धरणाची रचना असाधारण असेल, तरी ते यादीत घेता येतं. पोटात १८९९ चे लाकडी पेटारे असलेलं मातीचं धरण असाधारण नक्कीच म्हणता येईल. पण ते तसं आहे हे यादी करणाऱ्याला कळायला धरणाचे नकाशे हवेत, कुणी केव्हा किती माती चढवली याची नोंद हवी. रिसॉर्टच्या मागचं तळं, फार्महाउसचा बांध, सोसायटीने सुशोभित केलेला जुना गावतलाव, यांच्या सातबाऱ्यावर जमिनीचा मालक सापडतो. भरावाच्या आत काय आहे, सांडव्याची मूळ पातळी कोणती आणि विमोचकाची झडप शेवटची कधी फिरवली होती, हे लिहायला त्यात रकाना नाही.